डाव्या बाजूचा डिफेन्समन

वॉटफर्ड, ८ जून २००६

सुश्रुत,

आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं. तो कागद फाडला. आता नुसतं नाव लिहिलंय आणि घाईत लिहितेय, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

सकाळी ब्रेंडा आली होती. तू इथल्या हेरन्स क्लबकडून आइस हॉकी खेळायचास तेव्हा ती तिकीट खिडकीवर बसायची, आता क्लबची मॅनेजर झालीय. बसायच्या आधीच म्हणाली, "लीला, एक वाईट बातमी आहे आणि एक चांगली."

वाईट अशी, की मारेकचा करार पुढे चालू ठेवायचा नाही असं कोचनं ठरवलंय. मारेक म्हणजे दोन हिवाळे माझ्याकडे राहतोय तो स्लोव्हाक डिफेन्समन. बाहेरून आलेल्या खेळाडूंना क्लब कुणाच्या तरी घरी ठेवतो हे तुला ठाऊक आहे. तो तुझ्याच वरच्या मागच्या खोलीत असतो. बेड तोच आहे, गादी बदलली.

मी म्हटलं, "काय म्हणून? बर्फातल्या निळ्या रेघेवर त्याच्याइतका पाय रोवून उभा राहणारा दुसरा दाखवा मला."

तर म्हणाली, खेळाचा प्रश्न नाही. लीगमध्ये परदेशी खेळाडू मोजकेच चालतात. मारेक गेला की त्याच्या जागी कॅनडाचा एखादा गोल करणारा आणता येतो. मग बचावाला इथेच शिकलेला मुलगा लागेल, आणि तो डाव्या हाताचा हवा, कारण डाव्या बाजूला वर्षभर भगदाड होतं. "तसा एक फ्री एजंट झालाय," ती म्हणाली. ज्याचा करार संपला आणि ज्याच्यावर आता कुठल्याच क्लबचा हक्क नाही, तो फ्री एजंट. मला वाटलं, म्हणजे माझ्यासारखाच की.

चहा गाळता गाळता मी विचारलं, "कोण?"

"सुश."

चहा कपात पडला नाही, ओट्यावर पडला. ब्रेंडानंच फडकं घेतलं. मी गाळणं हातात धरून उभी.

पुढचं तिनं पुसता पुसता सांगितलं. तू हो म्हणाला आहेस पण सही केलेली नाहीस. "त्याची एकच अट आहे. म्हणाला, आधी माझ्या आईला विचारा. ती नको म्हणाली तर मी येणार नाही."

"आणि मी नको म्हणाले तर?"

"तर मारेकला ठेवू. अजून एक सीझन ढकलेल तो."

पुढच्या शुक्रवारपर्यंत तिला माझं उत्तर हवंय. जाताना दारात म्हणाली, "तुम्हा दोघांचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारतही नाही." विचारत नाही म्हणणारी माणसं दारात किती वेळ उभी राहतात!

इतक्या वर्षांत एक दिवाळीचं कार्ड नाही. आणि आता एवढा मोठा प्रश्न ब्रेंडाच्या हाती पाठवतोस? तुझा घरचा पत्ता मला माहीत नाही, म्हणून हे तुझ्या तिकडच्या रिंकवर पाठवतेय. मिळालं तर मिळालं.

आई

*

वॉटफर्ड, १२ जून २००६

सुश्रुत,

फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झालाय. आपल्या रस्त्यावर एकही गाडी झेंड्याशिवाय नाही. समोरच्या डेव्हनं माझ्या कुंपणालाही एक अडकवून दिला. मी राहू दिला. लोकांना वाटू दे, या घरात मजेत चाललंय.

मारेकला क्लबनं सगळं सांगितलं. कोचला बोलायला जेमतेम पाच मिनिटं लागली म्हणे. घरी आला, बूट काढले, नेहमीसारखे भिंतीला टेकवून ठेवले आणि विचारलं, "मिसेस लीला, आज वॉटफर्ड पिझ्झा आहे?" थालीपिठाला तो असं म्हणतो. मी लावून दिलं. त्यानं खाल्लं. मग म्हणाला, "इट्स बिझनेस." आणि ताटलीकडे बघत बसला. तिशी उलटलेल्या डिफेन्समनला जूनमध्ये दुसरा क्लब शोधणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको.

माझ्या एका 'नको'वर त्याची जागा राहते. हे त्यालाही माहीत आहे, ब्रेंडानं सांगितलंय. पण त्यानं ते माझ्याजवळ मागितलं नाही. उठून ताटली विसळली.

आता तुझं. तुला विचारायचंच होतं तर ऐक, मी काय विचारात घेतेय ते.

तुझे बाबा गेले त्याला येत्या नोव्हेंबरात चार वर्षं होतील. आपल्याकडे माणूस गेला की त्याच दिवशी सगळं उरकतं. इथे स्मशानाची तारीख मिळाली दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारची. तोवर त्यांना तिकडे थंड खोलीत ठेवलेलं. मी घरात दिवा लावून बसलेली, पुरुषोत्तमभावोजी आणि शशीवहिनी रीडिंगहून येऊन राहिलेले. आणि तू शुक्रवारी बॅग उचललीस. "आई, फ्यूनरल गुरुवारी आहे. माझं शनिवारी गेम आहे. मी परत येतो."

सुतकात गेम. बाप अजून थंड खोलीत आहे, जमिनीलाही लागला नाही की अग्नीलाही नाही, आणि मुलगा स्केट्स बांधतोय.  

गुरुवारी आलास तो भुवईवर टाके घालून. काळा ओव्हरकोट, हात खिशात. भटजी बोलतायत, हात खिशात. बाबांच्या प्रेसमधले जुने सहकारी आले, हात पुढे करतायत, तू मान हलवतोयस, हात खिशातच. आणि मग भटजी म्हणाले, मुलानं पुढे यावं, बटण दाबावं. इथे अग्नी म्हणजे ते एक बटणच. बाकी कशाचाच नाही, तेवढ्याचाच तर मान असतो मुलाला. तू जागचा हलला नाहीस. भटजींनी पुन्हा सांगितलं. तू म्हणालास, "मी नाही करू शकत."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी पुरुषोत्तमभावोजी उठले आणि त्यांनी दाबलं. पडदा बंद झाला.

पार्किंगमध्ये मी तुला म्हणाले, पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नकोस, ते तुझ्या लक्षात असेल. मी ते परत घेत नाही.

अस्थींचं सगळं रीतसर झालं. त्याची तुला चौकशी करायची असेल तर, म्हणून लिहिते.

शुक्रवारी मी ब्रेंडाला नको म्हणून सांगणार आहे. तू चांगला खेळतोस, तुझे निकाल मी लायब्ररीत पेपरात बघते. मागे वळायला अजून एक क्षण उशीर करतोस, असं ब्रेंडाच सांगते. तुला कुठेही क्लब मिळेल. मारेकला नाही मिळणार.

आई

*

वॉटफर्ड, १५ जून २००६, संध्याकाळ

सुश्रुत,

बाहेर आरडाओरडा चाललाय, इंग्लंडनं गोल केला वाटतं. मी स्वयंपाकघरात खिडकी लावून बसलेय. मागचं पत्र पोस्टात पडलंय, ते आता परत घेता येत नाही. तेव्हा हे त्याच्यामागून.

दुपारी मारेक गराजमध्ये आपलं सामान बांधत होता. तुझ्या बाबांनी पॅड्स वाळवायला केलेली ती लाकडी घोडी तोच वापरतो. मी त्याला म्हटलं, "बांधायची घाई करू नकोस. उद्या मी ब्रेंडाला नको सांगणारेय. तू राहतोयस."

मला वाटलं, खूश होईल. त्यानं हातातलं पॅड खाली ठेवलं आणि उलट्या बादलीवर बसला.

"मिसेस लीला, का नको?"

मी म्हटलं, ती आमच्या घरातली गोष्ट आहे.

"बटणाची?"

सुश्रुत, मी आधी गराजचं दार ओढून घेतलं. या रस्त्यावर कुणाला ते माहीत नाही. ब्रेंडाला नाही, डेव्हला नाही.

तो म्हणाला, "मी तेव्हा त्याच्या तिकडच्या टीममध्ये होतो. माझं या देशातलं पहिलं वर्ष. मी उजवीकडे, तो डावीकडे. त्या शनिवारी मीच त्याच्या शेजारी होतो."

मग त्यानं मला सगळं सांगितलं. त्याचं इंग्रजी तुला माहीत आहे, त्यात वाक्याला शेपूट नसतं. त्यामुळे कुठे लपायलाही जागा नव्हती, त्याला ना मला.

तू खेळायला का गेलास ते त्यानं तुला विचारलं होतं म्हणे. तू म्हणालास, बाबा दर शनिवारी रिंकवर असायचे. मी या शनिवारी घरी बसलो तर तेच विचारतील, कोण आजारी आहे?

हे तर त्यांचंच वाक्य. इतकी वर्षं क्लबच्या पेनल्टी बॉक्सचं दार उघडायचं काम केलं त्या माणसानं, फुकट, शनिवारची झोप मोडून. तुला शिक्षा झाली की दार उघडून म्हणायचे, "या साहेब, बसा." आणि घरी येऊन मला सांगताना हसायचे.

मग तो शॉट. तू आडवा पडून अडवलास. पकची ती टणक चकती उजव्या हातावर बसली. मारेक म्हणाला, आवाज त्याला ऐकू आला. तळहातामागची हाडं मोडली. डॉक्टर प्लास्टर घालायला निघाले तर तू म्हणालास, गुरुवारनंतर. आई बघेल आणि म्हणेल, सुतकात खेळलास, देवानं दाखवलं. तर नुसती पट्टी बांधून, तो सुजलेला हात कोटाच्या खिशात घालून तू बापाच्या अंत्यसंस्काराला आलास.

मी मारेकला विचारलं. हे मी विचारलं, सुश्रुत, कारण मी अजून भांडतच होते. मी म्हटलं, "बटण दाबायला किती जोर लागतो? डावा हात होता ना?"

त्यानं हातांचे तळवे गुडघ्यांवर पुसले. मग म्हणाला, "मी पण हेच विचारलं. तो म्हणाला, माझ्या घरात देवाचं काही डाव्या हातानं होत नाही."

मी खाली बसले. गराजच्या फरशीवर, तेलाच्या डागावर.

तू चमचा डाव्या हातात धरायचास. मी काढून उजव्यात द्यायची. प्रसादाला डावा हात पुढे आला की मी पळीनं त्यावर टकटक करायची. पाटीवरसुद्धा डावा हात पाठीमागे धरून ठेवायला लावलं होतं तुला. मला माझ्या आईनं जसं सांगितलं तसं मी केलं, तिला तिच्या. तुला रिंकवर पहिल्यांदा नेलं तेव्हा तिथल्या दुकानदारानं स्टिक दिली आणि तू डावा हात खाली, उजवा वर, अशी धरलीस. मी म्हटलं, याला उलटी द्या. तो म्हणाला, "लेट द लॅड होल्ड इट हाऊ ही लाइक्स." आणि तुझे बाबा म्हणाले, "अगं, बर्फावर कुठे देव आहे!"

तेवढ्या एका जागी तुला कुणी अडवलं नाही. म्हणून तू तिथे गेलास की काय, असं आज मनात आलं.

अजून एक आहे. दोन वर्षांपूर्वी मारेक इथे आला तो क्लबनं माझ्याकडे दिला असं मी समजत होते. त्यानं आज सांगितलं, हेरन्सशी सही करताना त्यानंच माझं घर मागून घेतलं. तू त्याला सांगितलं होतंस. माझी आई एकटी आहे, तिच्याकडे राहा, ती जेवायला चांगलं घालते, बूट बाहेर काढ, आणि माझं नाव काढू नकोस.

म्हणजे दोन हिवाळे मी तुझ्या माणसाला जेवायला वाढत होते.

मी मारेकला म्हटलं, "तू गप्प राहिला असतास तर उद्या तुझी जागा पक्की होती. कळत होतं ना?"

त्यानं पॅड उचललं आणि पुन्हा बांधायला लागला. म्हणाला, "मिसेस लीला, मी डिफेन्समन आहे. माझा पार्टनर पडला की मी त्याची बाजू बघतो."

मला रडू आलं नाही. मला काहीच आलं नाही. आत येऊन कुकर लावला आणि शिटी व्हायची वाट बघत राहिले. शिटी झाली नाही. खालचा गॅस पेटवलाच नव्हता.

आई

*

वॉटफर्ड, १६ जून २००६

सुश्रुत,

ब्रेंडाला फोन केला. ती म्हणाली, "सो? यस ऑर नो?"

मी म्हटलं, "यस. पण मारेकसाठी तू काय करते आहेस ते आधी सांग."

ती म्हणाली ते माझ्या हातात नाही. मी म्हटलं, फोन तर हातात आहे ना. सगळ्या क्लबांच्या मॅनेजरांना तू ओळखतेस, भेटलात की कोण फ्री झालं आणि कुणाचा गुडघा गेला याशिवाय दुसरं बोलत नाही तुम्ही. एकेकाला फोन कर. मी इथे धरून बसते. ती हसली, मग माझ्या आवाजावरून तिला कळलं की हसण्यासारखं नाहीय.

दुपारी तिचा फोन आला. वेल्समधल्या एका छोट्या क्लबला खालच्या डिव्हिजनमध्ये खेळाडू-कोच हवाय. पैसे कमी, पण मुलांना शिकवायचं काम आहे. मारेकनं ऐकलं आणि विचारलं, "तिथे वॉटफर्ड पिझ्झा मिळतो?" मी त्याला भाजणी बांधून देणार आहे आणि तव्यावर कशी थापायची ते शिकवणार आहे. पहिली दोन जाळेल. त्याचा चेहरा खुलला असं म्हणणार नाही. तो वरच्या लीगमध्ये आता खेळणार नाही, हे त्यालाही कळतं आणि मलाही. तू येतो आहेस म्हणून तो जातो आहे. हे तू विसरायचं नाहीस, आणि मागे वळायला उशीर करायचा नाहीस.

मी माफी मागायला हे लिहीत नाही. तू मला सांगायला हवं होतंस. कोटाचा खिसा उघडून एकदा दाखवायला हवं होतंस. मी ओरडले असते, मग हळद लावली असती. पण तू काय विचार केलास ते मला आता कळतंय, आणि ते कळल्यापासून मला या घरात नीट बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशासाठी आले ते विसरते.

आई

*

वॉटफर्ड, २० ऑगस्ट २००६

चिरंजीव सुश्रुत,

ब्रेंडा म्हणाली सही झाली. पुढच्या रविवारी येतोस असंही तीच म्हणाली. माझ्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, पण तिच्याजवळ विचारलंस म्हणे की बाबांची घोडी अजून गराजमध्ये आहे का. आहे. मारेकनं जाताना तिचा डुगडुगणारा पाय ठीक करून ठेवलाय.

माझ्याकडे राहायला येणाऱ्याला मी नियम सांगते, तसे तुलाही सांगते. बूट बाहेर. पॅड्स गराजमध्येच, त्यांचा वास वर आणायचा नाही. मॅचच्या दिवशी दुपारी भात, कारण मारेक म्हणायचा की त्यानं पाय हलके राहतात. हरून आलास तरी दार आपटायचं नाही. तुझ्या मराठीला मी हसणार नाही. एवढं मात्र सांगून ठेवते, की फोनवर बोलताना 'माझा आई' म्हणालास तर सुधारीन.

आता एक गोष्ट, जी मागे मी तुला लिहिली ती खरी नव्हती.

अस्थींचं रीतसर झालेलं नाही. पुरुषोत्तमभावोजी नाशिकला न्यायला तयार होते. त्यांना मी सांगितलं, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवल्या. शशीवहिनीला वाटलं मी पुण्याच्या भावाकडे दिल्या, भावाला वाटलं भावोजींनी नेल्या. कुणी कुणाला विचारलं नाही. डबा जिन्याखालच्या कपाटात आहे, तुझ्या लहानपणच्या स्केट्सच्या मागे. मारेक दोन वर्षं तिथूनच व्हॅक्यूम क्लीनर काढत होता.

तुझी वाट बघत ठेवल्या असं मी म्हणणार नाही. तेव्हा रागच होता. तुझ्या हातून नाही, तर कुणाच्याच नाही. पण ठेवल्या, एवढं खरं.

टेम्सवर बोट मिळते, मी चौकशी केलीय. सोमवारी तुम्हाला प्रॅक्टिस नसते. तेव्हा आपण दोघंच जाऊ. भटजी नकोत. एक्स-रेत तुझ्या उजव्या हातात अजून तारा दिसतात असं ब्रेंडा सांगत होती, आणि थंडीत बोटं मिटत नाहीत. डबा जड आहे, तुझे बाबा काही लहान माणूस नव्हते.

तो तू डाव्या हातात धर. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, उजवीकडे.

तुझी,
आई